बेकु, साकु आणि ब्रिस्बेन

माझा पहिला परदेशप्रवास सांगलीतलं विश्रामबाग ते अथणी. साल १९६९, मे महिना, वय नऊ. मिरजेहून एसटी सुटली, म्हैसाळ मागे पडलं, कागवाड आलं आणि दुकानांवरच्या पाट्या एकाएकी वाचता येईनाशा झाल्या. तेव्हा तिकडे म्हैसूर राज्य होतं, कर्नाटक हे नाव १९७३ मध्ये आलं. आत्या अथणीला दिली होती. तिच्या सासरी घरात, अंगणात, गोठ्यात सगळीकडे कन्नड. वडील मला सोडून दुसऱ्या दिवशी सांगलीला परतले आणि मी महिनाभर तिथे राहिले.

पहिल्या रात्री पंगतीत आत्याच्या सासूबाई भाताचं पातेलं घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बेकु?" मला काही कळेना. मीही तोच शब्द परत केला, "बेकु." भात पडला. पुन्हा "बेकु?", पुन्हा माझं "बेकु." बेकु म्हणजे हवं. तीन वेळा भात पडल्यावर रडू यायचं तेवढं राहिलं. आत्या पदराआड हसत होती, पण तिनं मुद्दाम काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोराला जेवताना बघून मी 'साकु' उचलला. साकु म्हणजे पुरे. रात्री पातेलं समोर आल्यावर ठणकावून "साकु!" म्हटलं आणि आख्खी पंगत हसली. मी स्वतःच्या कमाईने मिळवलेला परक्या भाषेतला तो पहिला शब्द.

पुढे सांगलीतल्या शाळेत तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्या काळात अथणीची आठवण क्वचितच आली असेल. ती आली २०२४ च्या जुलैमध्ये, टोकियोच्या निशी-कासाई भागातल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर.

माझी लेक तिथे राहते. एदोगावा विभागातला हा भाग. २००० सालच्या आसपास संगणकाच्या कामासाठी आलेले भारतीय इंजिनिअर इथे राहू लागले, कारण तोझाई मार्गाच्या मेट्रोने टोकियोतल्या बँकांच्या कचेऱ्यांपर्यंत थेट जाता येतं. आता खाली दुकानात हिंग मिळतो, तूरडाळ मिळते. मी जाताना सांगलीचं भडंग नेलं होतं. लेकीनं त्यातलं एक पुडकं वरच्या मजल्यावरच्या जपानी कुटुंबाला दिलं आणि बोलता बोलता सांगितलं, की आई इंग्रजीची शिक्षिका होती. झालं! दुसऱ्याच संध्याकाळी त्या घरातली मुलगी आईबरोबर दारात हजर. चूगाक्कोच्या, म्हणजे माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी, चौदा वर्षांची. जुलैअखेर शाळेच्या गटाबरोबर तीन आठवडे ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जाणार होती. "सेन्सेइ, थोडं इंग्रजी बोलून घ्याल का?" आईनं विचारलं, लेकीनं मराठीत आणलं.

तिची वही बघून मी चाट पडले. व्याकरण माझ्या दहावीच्या हुशार मुलींपेक्षा पक्कं, अक्षर छापल्यासारखं. मग मी इंग्रजीत विचारलं, "आज दुपारी काय जेवलीस?" मुलगी गप्प. मनातल्या मनात वाक्य जुळवतेय, खोडतेय, पुन्हा जुळवतेय, हे चेहऱ्यावर दिसत होतं. बऱ्याच वेळानं एकच शब्द आला, "नूडल." आणि लगेच मान खाली, कारण अनेकवचन चुकलं होतं. हा चेहरा मी तेहतीस वर्षं रोज पाहत आले होते. फक्त तो सांगलीचा होता.

या तीन आठवड्यांच्या प्रकाराला जपानीत म्हणतात 'तांकी र्यूगाकु', थोड्या मुदतीचं परदेशी शिक्षण. नुसत्या भाषेसाठी असेल तर 'गोगाकु केन्शू'. तिकडचं शिक्षण मंत्रालय मोजणी करताना मात्र तीन महिन्यांच्या आतल्या मुक्कामाला शिक्षण धरतच नाही. त्याच्या तक्त्यात ती 'अभ्यासाची सहल' असते. हा हिशेब मला आवडला. तीन आठवड्यांत इंग्रजी येतं असं सरकारही म्हणत नाही, मग आईबापांनी का म्हणावं?

जपानी शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. उन्हाळ्याची सुट्टी साधारण २० जुलैपासून ऑगस्टअखेरपर्यंत. मुलांना बाहेर पाठवायला हीच मोठी फट. आता त्या दिवसांत इंग्लंड, अमेरिका, कॅनडातल्या शाळा बंद असतात. तिकडे जाणारी मुलं उन्हाळी शिबिरात बसतात आणि शेजारच्या बाकावर बऱ्याचदा दुसरं जपानी, कोरियन नाहीतर इटालियन मूल असतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मात्र तेव्हा हिवाळा असतो आणि शाळा भरलेल्या असतात. तिथे जपानी मूल खऱ्या वर्गात, स्थानिक मुलाच्या शेजारी बसू शकतं. त्याच्या जोडीला एक मूल नेमून देतात, त्याला 'बडी' म्हणतात. वर टोकियो आणि ब्रिस्बेनच्या घड्याळात एकाच तासाचं अंतर, त्यामुळे पोरगी उतरल्या दिवशी अर्धवट झोपेत नसते. फिलिपीन्समधल्या सेबूचा पर्यायही आहे. तिथे एका विद्यार्थ्याला एक शिक्षक असा दिवसभर सराव घेतात, पण राहणं बहुधा वसतिगृहात असतं.

या सहली काही शाळा स्वतः काढतात, काही शहरं आपल्या भगिनी-शहरांत मुलं धाडतात, बाकीचं काम प्रवास कंपन्या करतात. आमच्या वरच्या मजल्यावरचा खर्च सहा लाख येनच्या घरात गेला होता, आपले सव्वातीन लाख रुपये धरा. येन घसरल्यामुळे सगळंच महागलं, असं तिची आई म्हणाली. २०१२ मध्ये एका अमेरिकन डॉलरला ऐंशीच्या आसपास येन पडत, त्या जुलैत आकडा एकशे साठच्याही वर जाऊन आला होता. म्हणजे अमेरिकेत तीच खोली, तोच वर्ग, आणि जपानी आईबापांना जवळपास दुप्पट भुर्दंड.

त्याच महिन्यात जपानमध्ये नवीन नोटा आल्या. ३ जुलै २०२४ ही तारीख. लेकीनं मला पाच हजार येनची कोरी नोट हातात दिली आणि म्हणाली, "आई, ही तुझ्याच धंद्यातली बाई." नोटेवर त्सुदा उमेको. १८७१ साली जपान सरकारनं आपलं मोठं शिष्टमंडळ पाश्चात्त्य देशांत धाडलं, त्याच जहाजातून पाच मुलींना शिकायला अमेरिकेला पाठवलं. उमेको त्यांतली सगळ्यांत लहान, सहा वर्षांची. वॉशिंग्टनजवळ जॉर्जटाउनला एका अमेरिकन दांपत्याच्या घरी ती वाढली. आजच्या भाषेत होमस्टेच. फक्त तीन आठवड्यांऐवजी अकरा वर्षांचा. १८८२ मध्ये परतली तेव्हा जपानी विसरली होती. स्वतःच्या आईशी बोलायला दुभाषा लागावा अशी गत. पुन्हा जपानी शिकली आणि १९०० मध्ये तिनं मुलींसाठी इंग्रजीची शाळा काढली. तीच आजची त्सुदा युनिव्हर्सिटी.

मधल्या काळात सर्वसामान्य जपानी माणसाला हौसेखातर परदेशी जाताच येत नव्हतं. युद्धानंतर परकीय चलनाची इतकी चणचण होती, की फिरायला जाण्याची मुभा १ एप्रिल १९६४ ला मिळाली. आज तेच सरकार पोरांना ढकलून बाहेर काढतंय. २०१३ मध्ये सरकार आणि खासगी कंपन्यांनी मिळून 'तोबिताते' नावाची मोहीम सुरू केली. नावाचा अर्थच 'झेप घ्या'. कंपन्यांच्या देणग्यांतून शिष्यवृत्त्या दिल्या, २०१५ पासून शाळकरी मुलांनाही त्यात घेतलं. २०३३ पर्यंत दरवर्षी पाच लाख जपानी विद्यार्थी बाहेर जावेत, असं उद्दिष्ट ठेवलंय. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला. इतकं सगळं करूनही वरच्या मजल्यावरची पोरगी 'नूडल' म्हणून मान खाली घालते, हे कोडं मला सुटत नव्हतं.

ते थोडंफार सुटलं न्हाणीघरात. माझ्या नातवासाठी लेकीनं टबाच्या वरच्या भिंतीवर हिरागानाचा, म्हणजे जपानी अक्षरांचा तक्ता चिकटवला होता. जपानी घरांत असे पाण्यानं न भिजणारे तक्ते सर्रास असतात, मूल टबात बसल्या बसल्या अक्षरं घोकतं. मी वाचायला घेतलं: अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. अरे, ही तर आपलीच बाराखडी! बौद्ध भिक्षू संस्कृतचा अभ्यास करत, त्यांच्याकडून हा क्रम जपानला मिळाला. च-वर्गाच्या जागी त्यांच्याकडे स आहे आणि प-वर्गाच्या जागी ह, कारण जुन्या काळी त्या ह चा उच्चार प होता.

वाक्याची ठेवणही आपलीच. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. 'शाळेला', 'शाळेहून' असं आपण शब्दाच्या मागे काहीतरी जोडतो, तेही तसंच जोडतात. 'जेवून गेला' हे जसंच्या तसं जपानीत बसतं. म्हणूनच पुण्यात जपानी शिकणारी मराठी मुलं लवकर वाक्यं बोलू लागतात, चित्रलिपीशी मात्र वर्षानुवर्षं झुंजतात. आणि म्हणूनच जपानी मुलाला इंग्रजीत जिथे ठेच लागते, तिथेच आपल्यालाही लागते. दोघांनाही वाक्य उलटं करून घालावं लागतं. उच्चारात त्यांची अडचण आपल्यापेक्षा मोठी. त्यांच्या जवळपास प्रत्येक व्यंजनाला स्वराचं शेपूट लागतं आणि ल-र चा भेद नाही, त्यामुळे मिल्कचं 'मिरुकु' होतं.

पण खरी गोम 'हो' आणि 'नाही' मध्ये आहे. आपण विचारतो, "आणखी नको ना?" समोरचा म्हणतो, "हो, नको." म्हणजे तुझं म्हणणं बरोबर. जपानीतही नेमकं हेच. इंग्रजीत उलटं. "डोन्ट यू वॉन्ट मोअर?" याला 'येस' म्हटलं, तर अर्थ होतो वाढा. वर्गात हे समजावताना माझ्या खडूच्या किती पेट्या संपल्या असतील! मी त्या मुलीला निघण्याआधी फक्त एवढंच घोकून घ्यायला लावलं: प्रश्न कसाही येवो, नको असेल तर तोंडातून 'नो' निघालं पाहिजे. तिनं ते आपल्या 'शिओरी'त लिहून ठेवलं. शिओरी म्हणजे सहलीची छोटी पुस्तिका. शाळेनं प्रत्येक मुलाला दिलेली. त्यात दिवसवार वेळापत्रक, यजमान घराचा पत्ता, हरवल्यास काय करायचं, विमानतळावर म्हणायची वाक्यं आणि एक सूचना, जी वाचून मला हसू आलं: आंघोळ झटपट उरका, तिथे पाणी जपून वापरतात. जपानी घरात टबात निवांत डुंबायची सवय, त्यामुळे हे लिहून द्यावं लागतं.

ती गेली. मी माझं गणित मांडत बसले. जपानी माध्यमिक शाळेत वर्षाला इंग्रजीचे १४० तास असतात, प्रत्येकी पन्नास मिनिटांचे. म्हणजे सुमारे ११७ खरे तास. परक्या घरात नाश्त्यापासून रात्रीच्या टीव्हीपर्यंत दिवसाला आठ तास इंग्रजी कानावर पडलं, तर एकवीस दिवसांत १६८ तास होतात. शाळेच्या वर्ष-दीड वर्षाचं ऐकणं तीन आठवड्यांत. पण हे गणित एका अटीवर उभं आहे: मूल त्या घरात एकटं असलं पाहिजे. एका घरात दोन जपानी मुलं ठेवली, की त्यांचा वेगळाच कोपरा तयार होतो आणि दिवसभर जपानी चालू राहतं. रात्री आईशी फोनवर तासभर बोललं, तरी तेच.

ऑगस्टच्या मध्यावर ती परतली आणि दुसऱ्या दिवशी ब्रिस्बेनचं चॉकलेट घेऊन खाली आली. मी तोच प्रश्न विचारला, जेवणाचा. या वेळी ती थांबली नाही. तुटक वाक्यांत, काळ चुकवत, हात हलवत तिनं पहिल्या रात्रीची गोष्टच सांगितली. यजमान बाईंनी विचारलं, "डोन्ट यू वॉन्ट एनी मोअर?" माझी घोकंपट्टी विमानातच सांडली होती. ती म्हणाली, "येस." ताटात कुस्करलेल्या बटाट्याचा दुसरा डोंगर आला. ती पुन्हा "येस" म्हणाली, तिसरा आला. तेव्हा यजमानांच्या सहा वर्षांच्या मुलानं आपल्या पोटावर हात ठेवून गाल फुगवले आणि म्हणाला, "आयॅम फुल." तिनं तसेच गाल फुगवून ते वाक्य म्हटलं. सगळं टेबल हसलं. आणि मला एकदम अथणीची पंगत दिसली, ते पातेलं, आत्याचा पदर, माझा 'साकु'. मी हसता हसता डोळे पुसले. लेकीला वाटलं, आईला सांगलीची आठवण आली.

व्याकरणाचं म्हणाल, तर तिच्या बोलण्यात मी सात-आठ चुका मोजल्या, सवयीनं. निघताना तिच्या बोलण्यात 'नूडल'पलीकडे एकही चूक नव्हती, कारण बोलणंच नव्हतं. तीन आठवड्यांनी तिची भीड मोडली होती. हे काम वर्गात होत नाही. वर्गात चूक झाली की गुण जातात. पंगतीत चूक झाली की भात पडतो, माणसं हसतात आणि पुढचा शब्द सुचतो.

ही गोष्ट जपान्यांनीही ओळखलेली दिसते, कारण पासपोर्टाशिवाय हेच करायच्या जागा त्यांनी उभ्या केल्यात. लेक मला एका रविवारी ओदाइबाकडे घेऊन गेली, तेव्हा 'टोकियो ग्लोबल गेटवे'ची इमारत दाखवली. टोकियोच्या शिक्षण मंडळानं खासगी कंपन्यांबरोबर २०१८ मध्ये ती सुरू केली. आत विमानाची खोटी केबिन आहे, दुकान आहे, खानावळ आहे. आठ मुलांमागे एक इंग्रजी बोलणारा माणूस असतो आणि दिवसभर जपानी बंद. फुकुशिमा प्रांतात डोंगरात 'ब्रिटिश हिल्स' नावाचं आख्खं इंग्रजी गावच वसवलंय, १९९४ पासून. शाळांच्या सहली तिथे मुक्कामाला जातात.

आपल्याकडून उलट्या दिशेनंही वाट आहे. जपान सरकारच्या 'साकुरा सायन्स' कार्यक्रमात २०१४ पासून आशियातली शाळकरी मुलं साधारण आठवडाभर जपान पाहून येतात, त्यात भारतातलीही असतात. आणि थोड्या मुक्कामातून माणूस कुठे पोचतो, याचं उदाहरण निशी-कासाईतच आहे. योगेंद्र पुराणिक. अंबरनाथचे, पुण्यात जपानी शिकलेले, १९९७ मध्ये विद्यार्थी म्हणून पहिल्यांदा जपानला गेलेले. २०१९ मध्ये ते एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे भारतीय वंशाचे ते पहिले. पुढे २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले.

मी सप्टेंबरात परत आले. विलिंग्डन कॉलेजच्या रस्त्यानं सकाळी फिरायला जाते, तिथे जुन्या विद्यार्थ्यांचे आईबाप भेटतात. कुणाच्या हातात परदेशी शिबिराचं गुळगुळीत माहितीपत्रक असतं. "बाई, पाठवू का? इंग्रजी सुधारेल ना?" मी चारच प्रश्न विचारायला सांगते. एका घरात आपल्या भाषेची किती मुलं राहणार? वर्गात शेजारी कोण बसणार, तिथलं मूल की इथलंच? फोन दिवसाकाठी किती वेळ हातात राहणार? आणि परत आल्यावर ती भाषा बोलायला आठवड्यातून एकदा तरी कुणी भेटणार का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर तीन लाख घरात ठेवा. उमेको अकरा वर्षं बाहेर राहिली, तर मातृभाषाही तिच्या जिभेवरून गेली. आपल्या मुलांचं तीन आठवड्यांचं इंग्रजी तर दिवाळीपर्यंतही टिकणार नाही.

यानंतर मी जे सांगते, त्यावर काही जण हसतात. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. कागवाड मिरजेपासून हाकेच्या अंतरावर. अथणीला आपल्यातल्या कितीतरी घरांचे सोयरे आहेत. येत्या मे महिन्यात पोराला तीन आठवडे तिकडे पाठवा, एकट्याला, मोबाइलशिवाय. त्यांचं पोर इकडे बोलवा, त्याला मराठी शिकू द्या. खर्च एसटीच्या तिकिटाचा आणि दोन किलो भडंगाचा. कन्नड येईल न येईल, पण परक्या पंगतीत बसून चुकायची लाज जाईल, आणि ती एकदा गेली की इंग्रजीच्या वर्गातही परत येत नाही. पोराला निघताना एकही शब्द शिकवू नका. 'साकु'सुद्धा नको.